जमलं तर नव्हे, जमवून या

आमच्या कॉलनीच्या सभागृहावरून जाताना आज दुपारी सतरंजी झटकल्याचा वास आला. धूळ, डांबराच्या गोळ्या आणि जुन्या सुतात मुरलेला माणसांच्या बसण्याउठण्याचा वास. माघ सरत आला की जुळे सोलापुरात दुपारी रस्त्यावर कुणी नसतं. उन्हाला अजून धार आलेली नसते, पण ती येणार हे भिंतींना आधी कळतं. कुणीतरी कठड्यावर सतरंजी टाकून काठीनं बडवत होतं आणि धूळ उन्हात तरंगत होती. फाटकावर नवा फलक होता. येत्या रविवारी कुंडीतल्या भाजीपाल्याची कार्यशाळा, त्याच्या पुढच्या आठवड्यात मधुमेहावर व्याख्यान, आणि महिनाअखेरीला कुणाच्या तरी उपचारांच्या मदतीसाठी गाण्याची संध्याकाळ. खाली शुभेच्छुकांचे चेहरे इतके दाटीनं बसवलेले, की कार्यक्रमांनाच अंग चोरून उभं राहावं लागलं होतं. मी सगळं वाचलं. मग उगाच पुन्हा वाचलं. वाचताना कानात एक आवाज येत होता आणि तो आवाज ज्यांचा, त्या बाई आता नाहीत, हे आठवायला नेहमीसारखाच एक क्षण जास्त लागला.

सगळी कॉलनी त्यांना बाईच म्हणायची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, सुती पातळ चापूनचोपून नेसणाऱ्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्यात नोकरीला. आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. महिन्यातून एकदा सभागृहात काहीतरी घडलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. कधी डोळ्यांच्या विकारांवर बोलायला डॉक्टर, कधी गोधडी शिवायची कार्यशाळा, कधी माळावरच्या पाखरांची चित्रं घेऊन आलेले एक पक्षिवेडे गृहस्थ. तारीख ठरवताना बाई दोन गोष्टी पाहायच्या. नळाला पाणी येण्याचा दिवस टाळायचा, कारण त्या दिवशी इंद्र जरी व्याख्यानाला आला तरी सोलापूरकर पिंपापासून हलणार नाही. आणि गड्ड्याच्या जत्रेचे दिवस टाळायचे, कारण तेव्हा सगळं गावच दुसरीकडे असतं. एकदा पूर्व भागातल्या एका विणकराच्या लेकराच्या ऑपरेशनसाठी त्यांनी मदतीचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा फळ्यावर त्या घराचं नाव लिहू दिलं नाही. मोठं झाल्यावर त्या लेकरानं याच रस्त्यानं जायचं आहे, एवढंच म्हणाल्या.

पण बाईंची खरी जागा कार्यक्रमाच्या शेवटी होती. आभार मानून झाले, माणसं चपला शोधू लागली, की बाई ध्वनिक्षेपकापाशी येऊन पुढच्या कार्यक्रमाची सूचना द्यायच्या. त्यांचं मराठी ऐकत राहावं असं. प्रत्येक अक्षर धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्यासारखं. समोर मोजकी डोकी असली तरी त्या भरलेल्या मैदानाशी बोलावं तशा बोलत, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "जमलं तर या असं मी म्हणणार नाही. जमवून या." आम्ही हसायचो. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याखातर जमवून जायचोही. संध्याकाळचा कुकर लवकर लावायचा, नातवाला शेजारी सोडायचं, असली जमवाजमव. पुढच्या महिन्यात काहीतरी आहे, आणि आपण तिथं असावं असं कुणालातरी मनापासून वाटतं आहे, हे माणसाला एरवी कितीदा ऐकायला मिळतं?

त्या पाखरांच्या व्याख्यानाला आठवडा राहिला होता. बाई सकाळी पाहुण्यांच्या राहण्याची सोय पाहायला निघाल्या आणि जिन्यातच बसल्या. मी दार उघडलं तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि त्या काहीतरी सांगत होत्या. मला शब्द कळेनात. मला वाटलं, जीभ जड झाली असेल. दवाखान्यात नेईपर्यंत रिक्षात त्या सारख्या बोलत होत्या आणि मी सारखं हो हो म्हणत होते. तिथल्या नर्सनं मान वळवून विचारलं, कानडीत बोलतायत, तुमच्या कोण? मी शेजारीण म्हणून सांगितलं, आणि बाईंना कानडी येतं हे मला ठाऊक नव्हतं, असंही म्हणाले. नर्सला त्याचं नवल वाटलं असावं. मला तर जमीन सरकल्यासारखं झालं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्या भाषेचा एक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

व्याख्यान ठरल्याप्रमाणे झालं. ध्वनिक्षेपक माझ्या हातात आला. पडद्यावर माळढोकाचं चित्र होतं, ओसाड गवतात एकटाच मान वर करून उभा. शेवटी पुढची सूचना द्यायची वेळ आली, तेव्हा पुढचं काय ते मला माहीतच नव्हतं. मी नुसते आभार मानले. लोक थोडा वेळ बसून राहिले आणि मग उठले.

बाई हळूहळू उभ्या राहिल्या, काठी घेऊन चालू लागल्या. मराठी मात्र परत आलं नाही. डॉक्टरांनी मुलाला समजावून सांगितलं, की असं कधी कधी होतं. नंतर शिकलेलं पुसलं जातं आणि आधीचं तेवढं उरतं. जन्मभर ज्या भाषेवर त्या जगल्या, ती त्यांच्या अंगाखालून कुणीतरी ओढून घेतली होती. आम्ही बोलायचो ते त्यांना थोडंफार कळत असावं, मान हलवायच्या. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की कानडी यायचं. आणि ते ऐकून त्यांना स्वतःलाच धक्का बसायचा, ओठांवर हात जायचा. शिंतोडा उडाल्यासारखा.

मुलगा पुण्याहून येऊन राहिला होता. बायको मुलांच्या शाळेपायी तिकडेच. तो दिवसभर संगणकावर नोकरी करायचा आणि मधेमधे आईपाशी येऊन बसायचा. त्याला कानडी अजिबात येत नव्हतं. एकदा जिन्यात मला थांबवून त्यानं विचारलं, "काकू, आई काय म्हणते ते तुम्हाला कळतं का हो?" मी नाही म्हटलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, बायकांना कळत असेल." पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचं हे बोलणं.

मग अक्कलकोटहून बाईंची धाकटी बहीण आली. नऊवारी नेसलेली, हसऱ्या डोळ्यांची, मराठी बोलतानाही कानडी हेल काढणारी. ती आली आणि त्या घरात आवाज झाला. दोघी बहिणी खिडकीशी बसून तासन्‌तास बोलायच्या; आणि बाई चक्क हसायच्या, तोंडाच्या एकाच बाजूनं. तिनंच मला एका दुपारी शेंगा सोलता सोलता सगळं सांगितलं. वडिलांनी मोठीला मराठी शाळेत घातलं होतं. तिचे उच्चार ऐकून वर्गातल्या पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. मग ती मळ्यातल्या विहिरीवर जायची, आत वाकून धडा म्हणायची आणि घुमून आलेला आवाज ऐकून सुधारायची. "अक्कानं लई सोसलं की," बहीण म्हणाली. "म्हणून सांगून टाकलं आम्हाला, माझ्या लेकरासमोर कानडी बोलायचं न्हाय. त्याला कुणी हसायला नको. आमी बी न्हाय बोललो." सासर मराठीच होतं, त्यामुळे ते जमून गेलं. मुलगा आतल्या खोलीत काम करत होता. दार उघडंच होतं. त्यानं ऐकलं असणार, कारण कळफलकाची टकटक थांबली आणि बराच वेळ सुरू झाली नाही.

पुढच्या एका कार्यक्रमाला बहीण आणि मुलगा बाईंना घेऊन आले. महिन्याचा कार्यक्रम आम्ही कसाबसा चालू ठेवला होता. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायची कार्यशाळा होती. बाई पहिल्या रांगेत बसून होत्या. कार्यशाळा संपली, लोक उठू लागले, आणि बाई काठी टेकून उभ्या राहिल्या. सवयीनंच. कुणी धरायच्या आत ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. त्यांनी घसा साफ केला, समोर पाहिलं, तोंड उघडलं. ओठ मराठीसाठी जुळवलेले दिसत होते. शब्द मात्र आले ते, "मुंदिन तिंगळा... एल्लारू बर्री." मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. हसणारं वाईट नव्हतं. पाहुणं आलेलं, त्याला ठाऊक नव्हतं. पण बाईंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा असा झाला, की ती विहिरीवरची मुलगी मला तिथं उभी दिसली. तेवढ्यात एस. टी. मधून निवृत्त झालेले, बाजूच्या इमारतीतले एक आजोबा उठले. ते कधी फारसं बोलत नसत. हात जोडून म्हणाले, "बर्तीव्री, बाई. येतो म्हणावं सगळे." मग त्यांनी आमच्याकडे वळून सांगितलं, की पुढच्या महिन्यात सर्वांनी या, असं बाई म्हणाल्या.

बाई त्यानंतर सभागृहात आल्या नाहीत. आम्ही बोलावलं, बहिणीनं समजावलं, पण त्या पायांत चपलाच घालीनात. घरातही बोलणं कमी होत गेलं. मी रोज संध्याकाळी जायची. काय बोलावं कळायचं नाही, म्हणून वर्तमानपत्रातलं 'आजचे-उद्याचे कार्यक्रम' हे सदर वाचून दाखवायची. कुठं रक्तदान शिबिर, कुठं मोडी लिपीचा वर्ग, कुठं ग्रंथालयाच्या छपरासाठी मदतीचं नाटक. त्या डोळे मिटून ऐकायच्या. एखाद्या ठिकाणी त्यांचं बोट चादरीवर हलायचं, तेव्हा मी समजायची की इथं बाई गेल्या असत्या. पुढं बोट हलायचंही थांबलं. मी वाचत राहिले. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते आता सांगता येत नाही. सभागृहातला मासिक कार्यक्रम तोवर कधीच बंद पडला होता. कुणी बंद केला असं नाही. एका महिन्याला तारीख ठरली नाही, आणि मग ती राहूनच गेली.

बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं, म्हणून ती दोन दिवसांसाठी अक्कलकोटला गेली. त्याच दिवशी दुपारी बाई गेल्या. मुलानं वर बोलावलं तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून निजल्यासारख्या दिसत होत्या. शोकसभा झाली, माणसं अगदी दारापर्यंत दाटली. बरीच जण चांगलं बोलली. ज्यांना कार्यक्रमांना जमवून येणं कधी जमलं नव्हतं, तेही बोलले. बहीण चटईवर बसून होती, आणि तिच्याशी कानडीत बोलायला ते एस. टी. तले आजोबा तेवढे तिच्याजवळ जाऊन बसले.

मुलगा गेल्या दिवाळीनंतर फ्लॅट विकायला आला होता. सामान हललेलं, खोल्यांना घुमारा आलेला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. त्यानं आपणहून सांगितलं. त्या दुपारी, मावशी बसनं गेल्यावर, आई कितीतरी दिवसांनी बोलली होती. त्यानं पाणी पाजलं, तेव्हा तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं, थेट त्याच्याकडे पाहिलं आणि एक लांबलचक वाक्य म्हणाली. अगदी स्पष्ट, अडखळल्याशिवाय. त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. पुन्हा म्हण असं म्हणायचा धीर झाला नाही. तिला वाटलं असतं, आपलं पुन्हा चुकलं. म्हणून तो हो म्हणाला. हो आई. तिनं मान हलवली, मनगट सोडलं आणि कूस बदलली.

ते वाक्य त्यानं जसं ऐकलं तसं मावशीला फोनवर म्हणून दाखवलं होतं. तिला त्याचा अर्थ लागला नाही. जेवलास का, असं असेल, ती म्हणाली. पण तेवढं कानडी तो तोवर शिकला होता, ते नव्हतं. पुण्यात त्याच्या कार्यालयात एक धारवाडकडचे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, घर विकू नकोस असं काहीसं वाटतंय, पण खात्री नाही. आणखी एकानं सांगितलं, की यात 'सोबत' असा शब्द असावा. आता म्हणून म्हणून ते आवाजही झिजलेत, तो म्हणाला. आईचे किती राहिले आणि माझे किती मिसळले, कळत नाही. "एवढं मात्र आठवतं काकू, शेवटाला तिचा आवाज वर गेला होता. काहीतरी विचारत होती ती." चहावर साय धरली होती. खालून दलालाची हाक आली, तसा तो उठला, किल्ल्या घेतल्या आणि उतरून गेला.

मी त्या रिकाम्या खोलीत थोडा वेळ उभी राहिले. जाणारी माणसं मागं काय ठेवून जातात, याचा विचार मी पूर्वी वेगळा करायची. बोललेले शब्द, केलेली कामं, कुणाच्या मनात लावलेला दिवा, असलं काहीतरी. आता तसं वाटत नाही. काळ आधी अर्थ उचलून नेतो, मग आवाज नेतो. त्या घरात एका बाईनं आपल्या लेकराला काहीतरी विचारलं होतं. तो प्रश्न कुठंच उरलेला नाही. त्यावर त्यानं दिलेला होकार तेवढा उरला आहे, आणि तो कशाला दिला हे न कळता जन्मभर पाळायचा आहे.