फोंड्याची शाल

काल नातीला पोहण्याच्या सरावाला न्यायचं म्हणून टॉवेल शोधत कपाट उघडलं, आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ती मरून रंगाची शाल हाताला लागली.

डिचोलीच्या नदीत, खाणीच्या लाल पाण्यात पोहायला शिकलेली मी फोंड्याला शर्यत जिंकले. आमच्या तालुक्यातली पहिलीच मुलगी. अंगावरून पाणी निथळत होतं. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या गळ्यात पदक घातलं, आणि लगेच स्वतःच्या सत्काराची शाल काढून मला गुंडाळली. गळ्याशी दोन्ही हातांनी घट्ट आवळली. त्यांच्या केसांच्या तेलाचा वास नाकात बसला.

"आतां कशी घरंदाज दिसता!" ते म्हणाले. सगळे हसले.

मुलग्यांना नुसती पदकं, मला वर शाल! केवढा मान, म्हणून चाळीस वर्षं ती आल्यागेल्याला दाखवली.

शालीच्या घडीतून त्या दिवसाचा फोटो पडला. मुलगे उघडेबंब, छातीवर पदकं. मधे मी, गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत झाकलेली.

"आजी, तुजें मेडल खंय आसा?" नातीने विचारलं.

"शालीखाली," मी म्हटलं. पाहुण्यांची किळस आलीच, पण फोटोत मीही हसत होते, ते बघवेना.