कोडिॲकचा काळा किनारा

इथे अमेरिकेत, आमच्या वेस्ट विंडसरच्या कोरियन दुकानात समुद्री शेवाळाचा वास आला आणि अलास्कातलं कोडिॲक बेट आठवलं.

नागपूरला तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाबांना मी ते दाखवायला नेलं होतं. दोन दिवसांत बंदराचं गाव आणि सगळे बीच कव्हर करायचे होते. काळ्या वाळूच्या एका किनाऱ्यावर बाबांनी बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि ते बर्फगार पाण्यात उभे राहिले.

"दहा मिनिटं थांबू या का गं?"

"बाबा, पुढचा बीच याहून छान आहे. शेड्यूल बिघडेल."

ते ओल्या पायांवर मोजे चढवू लागले. पुढच्या बीचवर नुसतं धुकं होतं.

तेव्हा मला ते समजूतदार वाटले. नंतर सहा वर्षं, फोनवर "बाबा, या ना इकडे," म्हटलं की ते म्हणायचे, "नको, तुझा वेळ जाईल." आता ते नाहीत.