ऐनाच्या झाडावरची झोप

नत्थूचा आवाज आसगावच्या बाजारात ऐकू येतो, असं त्याच्या गावचे लोक म्हणतात. आसगाव चांगलं दूर आहे, मध्ये धानाच्या बांध्याच बांध्या आणि एक मोठं तळं. पण ज्यांनी तो आवाज ऐकलाय, ते यावर वाद घालत नाहीत. बिचाऱ्याचा दोष नाही. ऐनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे पाळायचे म्हणजे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत कावळे हाकलत बसायचं, आणि कावळा काही विनंतीला मान देत नाही. इकडचे ढिवर मासे धरतात तसे हे किडेही पाळतात; नत्थूच्या बापानं हेच केलं, आज्यानंही हेच केलं. जंगलातला तो आवाज नत्थू घरी घेऊन यायचा, एवढंच.

गावात कुणी हातपाय गाळून बसलेला दिसला की नत्थू तिथं हजर. "अरे, उठ गा! बसून काय होते?" कुणाला दुकान टाकून दे, कुणाची सोयरीक जुळव, कुणाच्या रुसलेल्या बायकोला माहेरून आण. माणूस मनानं उदार, आणि सल्ला द्यायला तर त्याहून उदार. त्याच्या धक्क्यानं काहींचं भलं झालं, हेही खरं आहे.

मग त्याचीच पोरगी बसली.

रिता पोलीसभरतीसाठी धावायची. पहाटे नत्थू तिला हाका मारून उठवायचा, ती पवनीच्या रस्त्यानं धावायची आणि हा मागून सायकलवर, "चाल, चाल, आणखी जोरात!" कित्येक वर्षं असं चाललं. शेवटच्या भरतीत ती मैदानावरच मागे पडली, आणि पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. ती घरी आली आणि ओसरीच्या खांबाला टेकून जी बसली ती बसलीच. रडली नाही, कुणाशी भांडली नाही. पुढं ठेवलेल्या ताटातले दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मैदानावर काय झालं, असं विचारलं की विचारणाऱ्याकडं नुसती पाहायची.

नत्थूला ते सोसवेना. त्यानं तिला आसगावला शिवणाच्या क्लासात घातलं. तिथं मन लागेना, तर तुमसरला आपल्या बहिणीकडं, शकुनबाईकडं पाठवलं. तिच्या ओळखीनं राईस मिलच्या ऑफिसात काम मिळालं होतं. तिथूनही परत आली, तर बघायला पाहुणे बोलावले. रिता सगळीकडं निमूट गेली आणि दर वेळी आणखी गप्प होऊन परतली. नत्थूचं एकच म्हणणं, जागा चुकली. नीट जागी नेऊन ठेवली की पोरगी मार्गी लागेल. रुखमा, त्याची बायको, कधी अडवायला गेली तर म्हणायचा, "तिच्या चांगल्यासाठीच करून राहिलो ना मी!"

भादव्यात नत्थू जंगलात निघाला तेव्हा रुखमाच म्हणाली, "हिलेबी घेऊन जा."

"कोशाच्या झाडाखाली बाईमाणूस नेत नाईत. तुले मालूम नाई काय?"

कोशाच्या दिवसांत पाळणारे सोवळं पाळतात. मासमच्छी खायची नाही, दाढी करायची नाही, आणि बाईनं त्या झाडांकडं फिरकायचं नाही.

"किड्याले काय समजते, बाई हाये का माणूस!" रुखमा म्हणाली. "घरात वाळून राहिली पोरगी. न्या तुमी."

अशी रिता जंगलात आली. रोज सकाळी बापलेक यायचे, तेव्हा ऐनाच्या रानात धुकं असायचं आणि झाडं कमरेपासून वरच दिसायची. ऊन चढलं की पानांमधून हिरवा उजेड खाली झिरपायचा, आणि त्या उजेडात बसलेल्या माणसाला आपण जागे आहोत की नाही, तेच उमगत नसे. किडे पानं खात. हजारो किड्यांच्या खाण्याचा बारीक आवाज दिवसभर चाले, कुठं तरी हलकी भुरभुर चालू असावी तसा. रिता त्या आवाजात पाय पसरून बसून राही. नत्थू कावळ्यांवर ओरडे, मध्येच एका झाडाची पानं संपली की किड्यांसकट फांदी कापून दुसऱ्या झाडाला अडकवी. ती पाहत असे. ती काही तरी पाहते आहे, यावरच नत्थू खूश होता.

एका सकाळी तो पलीकडच्या झाडांकडं गेला होता. परत आला तर रिता एका ऐनाखाली उभी, आणि तिच्या तळहातावर एक किडा आडवा पडलेला. पायाशी आणखी बरेच पडले होते.

"बाबा, त्या फांदीवर पान नव्हतं," ती म्हणाली. "किडे हालत नव्हते, खात नव्हते. उपाशी मरतीन म्हणून एकेक काढून या झाडावर ठेवले मी. हे पडूनच राहिले."

नत्थूच्या छातीत आवाज भरून आला. त्या किड्यांना उपास नव्हता, झोप होती. कोसा विणण्याआधी किडा चारदा कात टाकतो, आणि दर वेळी त्याआधी खाणं सोडून, फांदी घट्ट धरून, मान वर करून निश्चल बसतो. बघणाऱ्याला वाटतं मेला. त्या वेळी त्याला हात लावायचा नसतो, कारण जुन्या कातडीतून बाहेर निघायला त्याला जुनीच पकड लागते. ती सोडवली की तो आत अडकून मरतो. हे तिला सांगायचं नत्थूच्या लक्षातच आलं नव्हतं, इतकं ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"चांगल्यासाठीच केलं ना मी," रिता म्हणाली.

ते ऐकलं आणि नत्थूचा भरून आलेला आवाज तिथंच विरला. आसगाव, तुमसर, ते पाहुणे, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्याला फार वाईट वाटलं. किड्यांचं नाही. तो खाली बसला आणि पडलेले किडे एकेक करून पानावर गोळा करू लागला.

"झोपेत होते ते," एवढंच मग तो म्हणाला. "झोपेत हात नाई लावाचा."

त्या दिवसापासून नत्थू पोरीला काही सांगेनासा झाला. जन्मभर बोललेल्या माणसाला हे सोपं नव्हतं. शब्द ओठाशी यायचे, तो तंबाखू मळत बसायचा. घरीही तेच. शेजारचं रान राखणारा कैलाश एकदा काळजीनं विचारून गेला, "काहून गा नत्थू, तब्येत बरी नाई काय?"

अश्विनात किडे बोटाएवढे जाड झाले. त्यांची शेवटची कात पडत होती. दुपारी दोघं सावलीत बसले होते आणि रिता एका फांदीकडं मान वाकडी करून पाहत होती.

"बाबा, हा आपलीच कात खाऊन राहिला!"

"हो. उठला का पयला घास तोच घेते."

नत्थूनं डबा उघडला. वारा पडला होता, सगळं रान अर्धवट स्वप्नात असल्यासारखं स्तब्ध होतं, आणि त्या स्तब्धतेत रिता बोलायला लागली. समोर बघत, सावकाश.

"मी मागं पडली नव्हती बाबा. शेवटच्या चक्कराले मी बरोबर टायमात होती. मीच थांबली. पाय दुखत नव्हते, काही नाई. मले धावाचंच नव्हतं. लई वर्षांपासून नव्हतं. तुमी रोज उठवत होते, म्हणून धावत होती."

कावळे उतरले. पलीकडून कैलाशची आरोळी आली, "अरे नत्थू, कावळे! झाडावर कावळे!" नत्थूनं ती ऐकली. डोक्यावरच्या फांद्यांत पंख फडफडले. तो जागचा हलला नाही, कारण पोरीचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ती रडत होती, आणि रडताना सगळं सांगत होती. थांबल्यावर मैदानावर तिला किती हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाची किती लाज वाटली होती, ते सगळं.

तिचं बोलून झालं तेव्हा वरच्या दोन फांद्या रिकाम्या झाल्या होत्या.

"आता काय करू, तेबी मले नाई समजत," रिता नाक पुसत म्हणाली.

नत्थूपाशी याची निदान दहा उत्तरं तयार होती. त्यातली दोन तर खरोखरच चांगली होती.

"बरं," तो म्हणाला, आणि डब्यातला भात त्यानं तिच्या पुढं सरकवला.