न बांधलेली फळी

इंदोरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत नळावरून सर्वांत आधी हंडा भरून जायची ती जयवंता. धिप्पाड बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मालानं भरलेलं घमेलं घेऊन शिडी चढायची तेव्हा मान इकडची तिकडं व्हायची नाही. नवरा बळीराम गवंडी, ही त्याच्याच हाताखाली माल वाहणारी रेजा. दोघं एकाच ठेकेदाराकडं, मार्तंडरावांकडं, लग्न झाल्यापासून कामाला होती.

मार्तंडराव वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगायला हवं. ते स्वतः गवंड्याचे ठेकेदार झालेले. बळीरामच्या पोरीच्या बारशाला घरी येऊन पाटावर बसून जेवून गेले होते.

सन चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात धरमपेठेकडं त्यांचं एका तीन मजली इमारतीचं काम सुरू होतं. बाहेरच्या भिंतीचा गिलावा चालला होता. बल्ल्यांची परांची बांधलेली, तिच्यावर आडव्या फळ्या. त्या सकाळी बळीराम वरच्या अंगाला सरकला आणि त्यानं नवी फळी टाकली, पण ती बांधायला दोर उरला नव्हता. त्यानं खाली येऊन मार्तंडरावांना विचारलं. दोर मागच्या बाजूला सज्ज्याच्या कामात गुंतलेला होता. मार्तंडराव म्हणाले, आजच्या दिवस सांभाळून करा, उद्या आणतो. मालक गृहप्रवेशाची घाई करत होता, थांबायला सवड नव्हती. बळीराम परत वर चढला.

दुपारच्या आधी जयवंता घमेलं घेऊन आली. फळीच्या टोकावर पाय पडला, फळीचं दुसरं टोक वर उचललं गेलं आणि ती दुसऱ्या मजल्यावरून विटांच्या ढिगावर आली. बळीरामच्या हातात थापी तशीच होती. पुढचं त्याला नीट आठवत नसे.

मार्तंडरावांनीच तिला आपल्या जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. पहिले काही दिवस ते रोज यायचे, संत्री आणायचे. जीव वाचला, पण खुब्याचं हाड असं मोडलं होतं की पाय आखूड राहणार, ओझं कधी उचलता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर मार्तंडरावांचं येणं कमी झालं.

वॉर्डात सिंधूताई नावाची आया होती. तिचा भाऊ गिरणीत होता, त्यामुळं तिला अशा गोष्टी माहीत होत्या. तिनं जयवंताला समजावलं की कामावर माणूस अपंग झालं तर काम देणाऱ्यावर त्याची जबाबदारी असते, तसा कायदाच आहे. कामगार कोर्टात अर्ज करता येतो. जयवंताला ते पटलं. तिनं बळीरामला सांगितलं, तर तो नको म्हणाला. का नको, ते सांगेना. डबा ठेवायचा, पायाशी बसायचा आणि उठून जायचा. तिला वाटलं, ठेकेदाराला भिऊन राहिला आहे. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

खरी गोष्ट वेगळी होती. मार्तंडरावांनी बळीरामला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फळी तुह्या हातची होती, बळीराम. केस झाली तर पहिले तुलेच विचारतीन." धमकी दिल्यासारखं नव्हे, काळजीनं सांगितल्यासारखं. आणि बळीरामला ते खरंच वाटत होतं. बायकोला आपणच पाडलं, हे तो रात्रंदिवस मनात घेऊन फिरत होता.

तिला घरी आणल्यावर एका दुपारी त्यानं ते बोलून टाकलं. ती खाटेवर होती, तो चुलीपाशी तिच्यासाठी कण्या शिजवत होता. पाठ तिच्याकडंच ठेवून त्यानं सगळं सांगितलं.

 जयवंतानं विचारलं, "दोर मांगतला होता का तुमी?"

"मांगतला होता. उद्या देतो म्हने."

"मंग हे काहून नाही सांगतलं मले?"

"फळी तं मीच ठेवली ना वं."

"फळी तुमी ठेवली. पन तिच्यावर चढवलं कोनं? तुमाले आन मले, दोघाईले?" ती म्हणाली. "जे झालं ते सारं सांगा कोर्टात. फळीचंबी सांगा."

अर्ज केला. तारखा पडत गेल्या, उन्हाळा आला, गेला. बळीरामचं त्या ठेकेदाराकडचं काम साहजिकच सुटलं. साक्षीच्या दिवशी मार्तंडरावांच्या वकिलाला वाटलं होतं, हा फळीचं नाकारेल आणि मग खोटा पडेल. बळीराम पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, फळी मीच ठेवली, बांधली नव्हती. वकिलानं लगेच पुढचं विचारलं.

"म्हणजे तुझ्या चुकीनं तुझी बायको पडली?"

"माही चूक असन साहेब," बळीराम म्हणाला. "दोर नसताना मी चढाले नाही पायजे होतं. पन दोर मांगाले मी यायच्याच पाशी गेलो होतो, आन यायनंच सांभाळून करा म्हटलं."

न्यायाधीशांनी मार्तंडरावांना विचारलं, हे खरं आहे का.  मार्तंडराव हो म्हणाले. त्यांना नाही म्हणता आलं असतं. दोर मागितला तेव्हा तिथं तिसरं कोणी नव्हतं. पण ते हो म्हणाले, हे जयवंता पुढं नेहमी सांगायची.

निकाल तिच्या बाजूनं लागला. न्यायाधीशांनी सोप्या शब्दांत सांगितलं की फळी ठेवणारा गवंडीही ठेकेदाराचाच माणूस, आणि उंचावर माणूस चढवायचा तर त्याच्या पायाखालचं पक्कं करणं हे काम देणाऱ्याचं काम. भरपाई ठेकेदारानं द्यायची.

कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली मार्तंडराव उभे होते. जयवंता काठी टेकत त्यांच्यापाशी गेली. ते म्हणाले, "तू केस करशीन असं वाटलं नव्हतं, जयवंता."

"तुमी मले दवाखान्यात नेलं, ते मी विसरली नाही," ती म्हणाली. "पन ते येगळं."

ते मान हलवून निघून गेले. भरपाई त्यांनी दिली, कटकट केली नाही.

बळीरामला पुढं हिंगण्याला काम मिळालं. तिकडं कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. जयवंतानं गल्लीच्या तोंडाशी भाजीचं दुकान मांडलं. खाली बसता येत नव्हतं म्हणून तिच्यासाठी उंच बाकडं करून घेतलं होतं. अंबाडी, चवळी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात वालाच्या शेंगा. आवाज खणखणीत, त्यामुळं गिऱ्हाईक तुटलं नाही.

नळावर मात्र आता बळीराम यायचा. बायकांच्या रांगेत हंडा घेऊन उभा राहायचा. सुरुवातीला बाया पदराआड हसल्या. मग एकीनं त्याला पुढं होऊ दिलं, कारण त्याला हिंगण्याची बस गाठायची असायची, आणि हळूहळू सगळ्याच त्याला पुढं होऊ द्यायला लागल्या.