पासष्ट किलोचे इंद्रभान भाऊजी

माझे भाऊजी इंद्रभान यांना मलकापुरात लोक अजूनही 'खादाड' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि भाऊजी हसतात. माझा मात्र दर वेळी हात शिवशिवतो. पण मी पडलो शाळामास्तर, आणि मास्तरांच्या हातावर आता पोरांसाठीसुद्धा बंदी आली आहे. तेव्हा लिहून राग काढण्याशिवाय माझ्यापाशी दुसरा उपाय नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कोकिळाताईचे यजमान. वीसेक वर्षांपूर्वी ते कबड्डी खेळायचे, आणि तेही पगारावर. कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी सैल पडली, खासगी जिनिंगना, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांना, पुन्हा बरे दिवस आले, आणि त्याच सुमारास मलकापूरच्या एका जिनिंगवाल्या शेठला कबड्डीचा नाद लागला. कुणी घोडे पाळतं, यांनी संघ पाळला. गावोगावची तगडी पोरं हंगामी मजूर म्हणून लावून घेतली. सकाळी गाड्यांवरचा कापूस उतरवायचा, काट्यावर चढवायचा, आणि दुपारनंतर जिनिंगच्याच आवारात सराव करायचा. जेवायला मिळायचं, पगार मिळायचा, अंगात शेठच्या नावाची बनियन असायची. भाऊजींना तर स्वर्ग दोन बोटं उरला होता.

त्या वर्षी संघ नुसता सुटला होता. नांदुरा मारलं, खामगाव मारलं, बुलढाण्याच्या मैदानावर तर लोक झाडावर चढून बसले होते. भाऊजी चढाईला गेले की समोरची सातही पोरं मागच्या रेषेला चिकटायची. एका दमात दोघा-तिघांना शिवून ते परत यायचे आणि आल्यावर लाजायचे. एवढा दांडगा माणूस लाजताना मी दुसरा पाहिला नाही.

हंगामी माणसाचं एक असतं. शिवरात्रीच्या आसपास कापूस संपतो, जिनिंगचा भोंगा बंद होतो आणि त्याच्याबरोबर पगारही. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तरी भाऊजींना एकदा ताईला चार महिने आमच्या घरी आणून सोडावं लागलं होतं. दारात उभे राहिले, पाणीसुद्धा न पिता परत गेले. म्हणून शेठ जेव्हा म्हणाले, "देऊळगाव राजाची शिल्ड आणा, सातही जणांना कायम करतो," तेव्हा भाऊजींनी ते देवाचा शब्द असल्यासारखं धरलं. तेव्हा ताईला दिवस गेले होते. कायम म्हणजे बाराही महिने पगार, आणि बायको स्वतःच्या घरात.

अडचण एवढीच होती की देऊळगाव राजाचे सामने वजनगटाचे होते. पासष्ट किलोच्या वर एकही जण चालत नव्हता. आतापर्यंतचे सगळे सामने खुले, आणि हे सगळे गडी खाऊन-पिऊन माजलेले. मग सुरू झाली उपासमार. भाऊजी सकाळी लिंबूपाणी प्यायचे, दुपारी घोंगडी पांघरून पळायचे. ताई भाकरी टाकायची, त्यातला चतकोर घेऊन बाकीची ते मागं सारायचे.

"अवं, एक घास तं खा," ती म्हणायची.

"शिल्ड आली का मग तुह्या हातची दुरडीभर खातो," भाऊजी म्हणायचे.

आणि वजन करायचे कुठे? जिनिंगच्या काट्यावर. ज्या काट्यावर दिवसभर शेतकऱ्यांचा कापूस मोजला जायचा, त्याच काट्यावर सगळे रांगेनं उभे राहायचे. तो काटा वजन कमी दाखवतो हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. भाऊजींचे वडील तर गाठोडं उतरवतानाच शिव्या सुरू करायचे. भाऊजी स्वतः त्यावर हसायचे. पण तोच काटा जेव्हा त्यांना "पासष्टच्या आत" म्हणाला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडून त्यावर विश्वास ठेवला! सातातल्या एकालाही शंका आली नाही. बाहेर वाण्याच्या दुकानात जाऊन एकदा उभं राहावं, एवढी अक्कल कुणाला सुचली नाही. कापूस खोटा भरतो तर माणूस खरा कसा भरेल? मी आजही या एका गोष्टीवर डोकं आपटून घेतो.

जिनिंगच्या टेम्पोत बसून संघ चिखलीमार्गे देऊळगाव राजाला गेला. मीही हौसेनं बरोबर होतो. पंचांनी काटा मांडला होता. पहिला चढला संघाचा कप्तान मोतीराम. जास्त भरला. दुसरा, जास्त. भाऊजी चढले आणि दोन किलोंनी वर गेले. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. पंच भले होते, त्यांनी तासाभराची सवड दिली. भर उन्हात जालना रोडवर सातही जण घोंगड्या, सतरंज्या, मिळेल ते पांघरून पळाले. भाऊजी रस्त्याच्या कडेला दोनदा ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी पडलं. पुन्हा काट्यावर उभे राहिले आणि पुन्हा जास्त भरले. संघ बाद झाला, मैदानात पाय न ठेवता.

दुसऱ्या दिवशी शेठनं सगळ्यांना काट्यापाशीच उभं केलं. मागं कापसाच्या गाड्यांची रांग होती, शेतकरी कान टवकारून उभे होते.

"इथं वजन बरोबर होतं, तिथं जास्त कसं झालं?" शेठ ओरडले.

मोतीराम तोंड उघडणार तोच भाऊजींनी त्याचा हात दाबला. काट्याचं माहीत सगळ्यांना होतं, पण जिनिंगच्याच माणसानं ते चारचौघांत कबूल केलं असतं तर त्या गाड्या तिथूनच माघारी वळल्या असत्या, आणि सातही जणांची भाकरी गेली असती. भाऊजी पुढं झाले.

"मीच सगळ्याईले चिखलीत खाऊ घातलं शेठ. भूक नाही धरवली. माही चूक झाली, बाकीच्याईचं काई नाही."

मी रात्री ताईकडंच राहिलो होतो, तिथं टेम्पोला टेकून ऐकत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. शेठना काय खरं ठाऊक नव्हतं? काटा कमी दाखवायला कुणी लावला होता? पण त्यांनी भाऊजींना त्याच दुपारी काढलं. शिवरात्रीनंतर उरलेल्या सहांनाही काढलं, कायम कुणालाच केलं नाही. संघ मोडला. बाजारात मात्र शेठ ही गोष्ट रंगवून सांगत राहिले, आणि भाऊजी खादाड झाले. पुढं त्यांनी हमाली केली. गुडघे गेल्यावर एका गोदामावर राखणीला बसले. ताईचे पावसाळे आमच्याच घरी गेले.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात शेठ भेटले. थकले आहेत, पण पंगतीत आग्रह करत फिरत होते. भाऊजींच्या पानापाशी थांबून मोठ्यानं म्हणाले, "याला दोन लाडू जास्तीचे वाढा रे! आमची शिल्ड खाल्लेला माणूस आहे हा!" पंगत हसली. भाऊजीही हसले, आणि पान पुढं केलं. बायकांच्या पंगतीतून ताईनं हे ऐकलं आणि ती अर्ध्या पानावरून उठली.

मी भाऊजींच्या कानाशी लागलो. "बोला ना आता. आता कशाचं भेव आहे?"

"गप बे," ते हळूच म्हणाले. "शेखरच्या कामाचं शेठशी बोलून राह्यलो मी. पोरगं घरी बसून आहे. शेठ म्हणतात, पाहू."

शेखर त्यांचा मुलगा. त्या मोसमात पोटात होता तोच. भाऊजींनी दोन्ही लाडू शेठच्या देखत संपवले.

दिवाळीनंतर शेखरला शेठच्या नव्या जिनिंगमध्ये काम मिळालं. सांगायला भाऊजी स्वतः माझ्या दारी आले, हातात पेढे होते.

"कायम का?" मी विचारलं.

"हंगामी," ते म्हणाले. "पण शेठ म्हणाले, चांगला राह्यला तं पाहू."