मी सोडतो ना

आमच्या फाटकासमोरून रोज सकाळी गावातली नवी आशाताई स्कुटीवरून जाते. औषधांची पिशवी पायाशी, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. चढावर ती जराशी पुढे झुकते. मी उगीचच बघत उभा राहतो.

याच रस्त्याने माझी बायको पंचवीस वर्षं वरच्या वाडीच्या अंगणवाडीत गेली. एकदा तिने स्कुटीचा विषय काढला होता. मी म्हणालो, "कशाला? मी सोडतो ना!" आमच्याकडे नवरे माया अशीच बोलून दाखवतात. सोडायचोही. पण कधी माझी शाळा लवकर असायची, कधी गाडीत पेट्रोल नसायचं, कधी नुसताच कंटाळा. मग ती मुकाट्याने छत्री उघडून चालू लागायची. आता तिचे गुडघे गेलेत.

आज ती काठी टेकत फाटकापाशी आली. आशाताईने हात केला, ही हसली. स्कुटी वळणाआड गेली तशी म्हणाली, "बरंय पोरीचं. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

मी घाईने म्हणालो, "दवाखान्यात जायचंय ना तुला? मी सोडतो."

"नको," ती म्हणाली, "रिक्षा सांगितलीय मी."