ओढ्याच्या तोंडावरचा भराव

दुष्काळात आमच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. तिथला मुकादम आम्ही बायांनी चोपलेल्या मातीच्या प्रत्येक थरात छत्रीचं टोक खुपसून बघायचा. टोक आत गेलं की म्हणायचा, "आवं बाई, ही माती हाय का पीठ? चोपा पुन्यांदा." हात भरून यायचे, पण मला बरं वाटायचं, बांधाखाली आमचंच रान होतं.

पाणी जायला बांधात मोकळं ठेवलेलं ओढ्याचं तोंड शेवटी घाईत बुजवलं, चोपलंच नाही. काम पुरं झाल्याचा कागद घेऊन साहेब आले, तेव्हा मुकादमानं तीच छत्री साहेबांच्या डोक्यावर धरली होती. मी हळूच म्हटलं, "दादा, हितं चोपायचं ऱ्हायलंय."

"तुमाला लय कळतं," म्हणत त्यानं दुसऱ्या हातानं सही केली.

पावसाळ्यात बांध तिथंच फुटला. रानात आता नुसते गोटे आहेत. मुकादम विट्याच्या बाजारात भेटतो, "बरं हाय का?" विचारतो. मी "हाय" म्हणते.